चोर्ला घाट उतरणारी वेगवान गाडी: ब्रेकची निगा आणि शोरूमची सर्व्हिसिंग

सहाशे मीटर उंचीचा घाट दीड टनाच्या गाडीनं उतरायचा म्हणजे साधारण ८८ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवायची. तेवढ्या उष्णतेत २६ लिटर गार पाणी उकळीला येतं. त्यातला थोडा भार हवा घेते, थोडा इंजिन घेतं, उरलेला सगळा चार चाकांच्या ब्रेकवर पडतो. चोर्ला, अनमोड, आंबोली हे घाट बेळगावच्या गाडीला चुकत नाहीत. त्यात गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, मिनी कूपर एस किंवा बीएमडब्ल्यू एम३४०आय असेल, तर दोन वळणांच्या मधल्या तुकड्यात ती साध्या गाडीपेक्षा जास्त वेग घेते. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते.

दुसरी अडचण अंतराची. आपल्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर बेळगावातच असेल असं नाही. मग हुबळी, कोल्हापूर नाहीतर गोवा. कुठंही गेलं तरी शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि अख्खा दिवस मोडतो. म्हणून ब्रेकच्या कामाला जाताना मोजमाप घेऊनच जावं. जॉब कार्डावर, म्हणजे शोरूमच्या कामाच्या कागदावर, जे लिहिलंय तेवढंच शोरूम दुरुस्त करतं. ‘ब्रेकचा आवाज येतो’ एवढंच लिहिलं तर पॅड पॉलिश पेपरवर घासून, ग्रीस लावून, धुऊन गाडी परत मिळते, आणि आठ दिवसांत आवाजही परत येतो.

आधी घरी मोजा

लागणारी हत्यारं: जॅक आणि त्याच्या जोडीला स्टँड (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाखाली हात घालू नका), टॉर्क पाना, टॉर्च, व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर, मार्कर पेन. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, आणि कॅलिपर म्हणजे तिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा. स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच कॅलिपरच्या पिनांना ७ मिमीची ॲलन की लागते आणि डिस्कच्या स्क्रूला टी-३० टॉर्क्स. साधा स्टार पाना घालून तो स्क्रू एकदा गुळगुळीत केला की पुढं ड्रिल मारूनच काढावा लागतो.

नव्या पॅडचं घर्षणाचं मटेरियल मागची लोखंडी पट्टी सोडून साधारण १० ते १२ मिमी असतं. ३ मिमीला पॅड बदलायचे. घाटाची वाट नेहमीची असेल तर ४ मिमीलाच बदला. मटेरियल जितकं पातळ, तितकी उष्णता पिस्टनकडं (पॅड ढकलणारा दट्ट्या) आणि तिथून ब्रेक ऑइलकडं लवकर पोचते. नव्या पॅडवर जो घाट सहज उतरता येतो, त्याच घाटात ३ मिमीच्या पॅडवर पेडल मऊ पडू शकतं.

चाक न काढता अलॉयच्या फटीतून बाहेरचाच पॅड दिसतो, आणि फसगत तिथंच होते. चाक काढा आणि आतला पॅड बघा. आतला ३ मिमी आणि बाहेरचा ७ मिमी असेल तर कॅलिपरची पिन जाम आहे, कॅलिपर सरकतच नाही. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर पॅड ब्रॅकेटमध्ये (पॅड धरणारी चौकट) तिरका अडकतोय. खाचेत गंज धरलाय. खानापूर, जांबोटी भागातली तांबडी माती पावसात या खाचांत जाऊन बसते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. नुसते नवे पॅड घालून उपयोग नाही. खाच तारेच्या ब्रशनं लोखंड दिसेपर्यंत साफ व्हायला हवी. पॅडच्या कडा पांढुरक्या पडून बोटानं चुरा होत असेल, किंवा डिस्कवर निळे-जांभळे डाग असतील, तर ब्रेक प्रमाणाबाहेर तापलेत.

पिनांच्या ग्रीसबद्दल एक नेम पाळा. साधं बेअरिंगचं ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पिन आणखी जाम होते. सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस वापरा. काही कॅलिपरच्या पिना रबरी बुशमध्ये कोरड्याच बसवायच्या असतात, तिथं अजिबात ग्रीस नको. आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल काय म्हणतं ते आधी बघा.

डिस्कची किमान जाडी डिस्कच्याच मधल्या भागावर किंवा कडेला कोरलेली असते. ३० मिमीच्या हवेशीर (आतून वारा खेळणाऱ्या) डिस्कला बहुधा २७ मिमी ही मर्यादा असते. झिजलेल्या डिस्कच्या काठावर उभी कड राहते, म्हणून व्हर्नियर काठाला लावला की जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटरनं कडेच्या आत, पॅड जिथं घासतो तिथं मोजा. आकडे डिस्क ब्रेक असलेल्या सगळ्या चाकांचे, आतला पॅड आणि बाहेरचा पॅड वेगळे, किलोमीटर आणि तारखेसह वहीत लिहा. ही वहीच पुढं शोरूममध्ये तुमच्या बाजूनं बोलते.

ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतली वाफ ओढून घेतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) याचा उत्कलन बिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १५५ अंश. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० अंश, डॉट ३ साठी २०५ आणि १४०. कॅलिपरमधलं ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. कणकुंबीकडं पावसाळ्यात चार महिने हवेला ओल असते, आणि ऑइल पाणी ओढतं ते रबरी नळ्यांतूनही. म्हणून पुस्तिकेत दोन वर्षं लिहिली असली तरी महिन्यातून एकदा घाट उतरणाऱ्या गाडीला दरवर्षी, तेही पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, नवं ऑइल घालणं योग्य.

डॉट ४ आणि डॉट ५.१ एकमेकांत चालतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं. नाव सारखं वाटलं तरी ते चुकूनही ओतू नका. ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांना बहुधा पातळ, क्लास ६ चं डॉट ४ सांगितलेलं असतं, कारण थंडीत घट्ट ऑइल एबीएसच्या बारीक झडपांतून वेळेवर धावत नाही. डब्यावर ‘क्लास ६’ लिहिलंय का बघा. पूर्ण बदलायला एक लिटर पुरतं. डबा तुमच्यासमोर फोडलेला हवा. महिनाभर उघडा राहिलेला डबा म्हणजे आधीच पाणी प्यालेलं ऑइल.

शोरूममध्ये एक पळवाट सर्रास चालते. वरच्या टाकीतलं काळं ऑइल सिरिंजनं ओढायचं, नवं ओतायचं, बिलात ‘ब्रेक ऑइल बदलले’. टाकीत सोनेरी दिसतं, कॅलिपरमध्ये जुनंच. हे पकडायला सोपी युक्ती आहे. गाडी देण्याआधी प्रत्येक ब्लीड निपलवर (कॅलिपरमधलं जुनं ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) आणि त्याला लागून कॅलिपरवर मार्करची एक सरळ रेघ ओढा. निपल उघडून परत आवळला की रेघ क्वचितच तंतोतंत जुळते. चारही रेघा जशाच्या तशा असतील तर ऑइल बदललेलंच नाही. निपलच्या रबरी टोपणावर बोटाचे नवे ठसे आहेत का, तेही बघा.

टाकीतली पातळी खाली गेली म्हणून लगेच भरू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि पातळी आपोआप उतरते. पॅड झिजलेले असताना वर भरलं, तर नवे पॅड घालताना पिस्टन मागं ढकलल्यावर ऑइल सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर फडक्यानं पसरवू नका, भरपूर पाण्यानं धुवा.

थरथर आणि लेथ

ताशी ८०-१०० वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, अशी तक्रार आली की ‘डिस्क वाकली’ असं म्हणायची पद्धत आहे. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिच्या जाडीत काही ठिकाणी शतांश मिलिमीटरचा फरक पडलेला असतो, नाहीतर पॅडचं मटेरियल एका जागी चिकटलेलं असतं.

उद्यमबागच्या कारखान्यांत शतांश मिलिमीटरचं काम रोजचं आहे. डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड बेळगावात मिळवायला लांब जायला नको. चाक काढा. चाकाचे बोल्ट वॉशर घालून लावा आणि डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) घट्ट बसवा. गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून १०-१५ मिमी आत टेकवा आणि डिस्क हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. काटा किती हलतो ते पाहा. साधारण ०.०५ मिमीच्या आत हवा; नेमकी मर्यादा मॅन्युअलमधली. मग मायक्रोमीटरनं गोलात आठ ठिकाणी जाडी मोजा. त्यात ०.०२ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर थरथरीचं मूळ सापडलं.

काटा जास्त हलला म्हणून डिस्कलाच दोष देऊ नका. आधी डिस्क उतरवून हबचं तोंड बघा. तिथं गंजाची एक पापुद्री जरी असली, तर डिस्क तिरकी बसते आणि कडेपर्यंत तो तिरकेपणा वाढत जातो. हब साफ करून परत मोजलं की निम्म्या वेळा आकडा मर्यादेत येतो आणि नव्या डिस्कचा खर्च वाचतो. दुसरं कारण न्यूमॅटिक गन. पंक्चरवाल्यानं चाकाचे बोल्ट गननं वेडेवाकडे आवळले की डिस्कवर असमान ताण येतो. स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच मॉडेलांना १२० न्यूटन-मीटर सांगितलेले आहेत, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना १४०. आपल्या पुस्तिकेतला आकडा घ्या, बोल्ट समोरासमोर आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क पाना लावून तपासा.

जवळ एवढे चांगले लेथ असताना डिस्क फेस करून (वरचा थर कापून सपाट करून) घ्यायचा मोह होतोच. वेगवान गाडीच्या बाबतीत तो टाळावा. डिस्क लेथच्या चकमध्ये उत्तम फिरली तरी तुमच्या हबवर तशीच फिरेल याची खात्री नाही. शिवाय जाडी कमी झालेली डिस्क कमी उष्णता धरते आणि घाटात लवकर तापते. ३० मिमीची डिस्क २८ वर आली असेल तर फेस केल्यावर ती मर्यादेला टेकते. डिस्क बदलायची तर एका ॲक्सलची जोडी बदला, सोबत नवे पॅडही.

शोरूमला जाताना

सुटा भाग आधी ठरवा, मग तारीख घ्या. वेगवान मॉडेलचे ब्रेक साध्या मॉडेलपेक्षा मोठे असतात, आणि नुसतं मॉडेलचं नाव सांगून मागवलेले पॅड हमखास चुकीचे येतात. फोनवर चॅसिस नंबर द्या. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये डिकीत स्टेपनीजवळच्या स्टिकरवर तीन अक्षरी कोड असतात. पुढच्या ब्रेकचा कोड ‘१झेड’ किंवा ‘१एल’नं सुरू होतो, मागच्याचा ‘१के’नं. त्या स्टिकरचा फोटो सल्लागाराला पाठवा आणि पार्ट नंबर व्हॉट्सॲपवर लेखी मागा. पॅड संपल्याची सूचना देणारी वायर असेल तर तीही मागवा. एकदा घासलेली वायर परत चालत नाही. ब्रॅकेटचे बोल्ट काही गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, तेही यादीत घाला. ‘भाग आला’ हे ऐकल्याशिवाय बेळगाव सोडू नका.

हुबळीत सल्लागार कन्नडमध्ये बोलेल, कोल्हापुरात मराठीत, पणजीत कोकणी-हिंदीत. जॉब कार्ड मात्र तिन्हीकडं इंग्रजीतच निघतं, आणि वर्कशॉपमधला मेकॅनिक तुम्हाला भेटत नाही, त्याला फक्त कार्ड भेटतं. म्हणून तक्रारीत पाच गोष्टी आल्याच पाहिजेत: कोणत्या वेगाला, ब्रेक थंड असताना की घाट उतरल्यावर, पहिल्याच दाबाला की दहाव्या, जाणवतं कुठं, आणि किती दिवसांपासून. स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढचे ब्रेक, सीट किंवा पेडलमध्ये जाणवत असेल तर मागचेही बघायला सांगा. आवाजही नेमका सांगा. कुईकुई म्हणजे कंप, करकर म्हणजे लोखंडाला लोखंड लागतंय, टकटक म्हणजे पॅड ब्रॅकेटमध्ये ढिला आहे. सही करण्याआधी कार्ड वाचा. वहीतले आकडे त्यावर चढवून घ्या. ‘जुने सुटे भाग परत हवेत’ हे वाक्यही लिहून घ्या, आणि ‘एस्टिमेटबाहेरचं काम फोन करून परवानगी घेतल्याशिवाय करू नये’ हेही.

टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकला शेजारी बसवून त्रास दाखवून द्या. ‘आम्हाला तर काही जाणवलं नाही’ या उत्तरावर दुसरा उपाय नाही. त्रास तापल्यावरच येत असेल, तर शोरूमला पोचण्याआधी ब्रेक तापलेले असतील असं बघा.

एस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, एसीचा वास घालवणारा फवारा दिसला तर खुशाल खोडा. ब्रेक क्लीनिंगचं पॅकेज मात्र सरसकट नाकारू नका. कॅलिपर उघडून, पिना काढून, खाचा घासून होणार असेल तर आपल्या भागात पावसाळ्यानंतर ते वर्षातून एकदा घेण्यासारखं आहे. नुसता स्प्रे मारून होणार असेल तर पैसे वाया. नेमकं काय काय उघडणार, ते विचारा.

इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड बाहेर बदलून घेत असाल तर आधी स्कॅनरनं सर्व्हिस मोड लावायला हवा. तो न लावता पिस्टन जबरदस्तीनं ढकलला की कॅलिपरची मोटर जाते, आणि हजारोंचा कॅलिपर बदलावा लागतो.

ताबा घेताना

वॉशिंगनंतरची चकचकीत गाडी बघून सही करू नका. बॉनेट उघडा, ब्रेक ऑइलची पातळी कमाल-किमानच्या मध्ये आहे का बघा. निपलच्या रेघा बघा. जुने पॅड हातात घ्या. ते तुमच्याच गाडीचे आहेत ना, झीज तुमच्या वहीशी जुळते का. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागं ढकलल्यावर पहिला दाब रिकामा जातो, आणि गेटवरच गाडी समोरच्या भिंतीला लागू शकते. पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली गेलं, तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा पंप) किंवा दुसरं काहीतरी गळतंय; पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर हवा राहिलीय. ती गाडी तशीच ताब्यात घेऊ नका. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लावूनच ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं) करावं लागतं, हातानं पेडल दाबून ती निघत नाही.

काम चुकलं आणि शोरूम ऐकत नसेल तर आधी ई-मेलवर, जॉब कार्डचा नंबर आणि मोजमाप घालून लेखी तक्रार द्या. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सीमाभागातल्या माणसाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा मोठा आधार आहे: तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडीचं काम कोल्हापुरात झालं असलं तरी तुम्ही बेळगावच्या आयोगात जाऊ शकता. तिथं तुमची वही, फोटो आणि सही केलेलं कार्ड हाच पुरावा.

नवे पॅड रुळवणं

नवे पॅड आणि डिस्क लावून थेट घाट उतरणं ही मोठी चूक. पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर आधी बसावा लागतो. पहाटे, मागं वाहन नसलेला सरळ रस्ता निवडा. उसाच्या हंगामात ट्रॉल्या आणि रस्त्यावर सांडलेलं पाचट असतं, तो रस्ता नको. ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक जवळजवळ न वापरता दहा मिनिटं चालवून थंड करा. हलका जळका वास येणं साहजिक आहे. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा.

घाटात

ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोड लावून दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवा. ‘डी’मध्ये ठेवलं तर गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला वरचा गिअर घेतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पेडलवर पाय सतत टेकवून ठेवू नका. वळणाआधी थोडा वेळ जोरात दाबा, मग पूर्ण सोडा. मधल्या सोडलेल्या वेळात डिस्कला वारा लागतो. मुसळधार पावसात दर काही मिनिटांनी पेडल हलकं दाबून डिस्क पुसून घ्या, नाहीतर ऐन गरजेचा पहिला दाब पाण्यावर घसरतो. पेडल मऊ पडलं तर लगेच खालचा गिअर घ्या, गाडी बाजूला घ्या आणि अर्धा तास थांबा. थंड झाल्यावर पेडल परत घट्ट लागलं तरी ते ऑइल एकदा उकळलेलं आहे; पुढच्या फेरीआधी बदला.

उतरून चहाला थांबायचं असेल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक न तापवता चालवा. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून गाडी उभी राहिली की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो, आणि पुढची थरथर तिथूनच सुरू होते. सपाट जागा बघा, गाडी ‘पी’मध्ये किंवा गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. त्याच तापलेल्या चाकांवर सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. डिस्क कोमट होईपर्यंत निदान अर्धा तास जाऊ द्या.